झारीचा खर्च : चार शहरांच्या उद्यानांतून नऊ दिवस

आमच्या वसाहतीतील लहानशा उद्यानात सहा वर्षांपूर्वी एक कारंजे बसवले गेले. थाटात उद्घाटन झाले, आठ महिन्यांनी मोटर जळाली आणि तेव्हापासून त्या हौदात पावसाचे पाणी आणि पालापाचोळा याखेरीज काही साठलेले नाही. दुरुस्तीसाठी शेजारच्या दोघीजणींसह मी पालिकेच्या कार्यालयात घातलेल्या अनेक खेपांमध्ये जे उत्तर मिळाले, ते मी वहीत जसेच्या तसे उतरवून ठेवले आहे : ‘‘दुरुस्तीला तरतूद नाही. नवीन कारंज्याचा प्रस्ताव द्या, तो बसेल.’’ एका सहकारी बँकेत तेवीस वर्षे लेखापरीक्षणाचे काम केले असल्यामुळे या वाक्यातली मेख मला लगेच कळली. भांडवली खर्चाला, म्हणजे नवे काही उभारण्याला, वाट होती; महसुली खर्चाला, म्हणजे रोजच्या देखभालीला, नव्हती. पण सगळीकडे असेच असते का, हे मला पाहायचे होते. ह्यांना झाडांची आवड आणि मला हिशोबाची. तेव्हा निवृत्तीनंतरचा आमचा पहिला मोठा प्रवास उद्यानांचाच करावा असे ठरले आणि २०२५ च्या नोव्हेंबरात आम्ही निघालो.

पहिला दिवस, सोमवार : मुंबई

सकाळी सात वाजता दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. या कट्ट्याचा घेर सव्वा किलोमीटरच्या थोडा आत आहे. १९२५ साली महापालिकेने हे मैदान खुले केले आणि १९२७ साली शिवजयंतीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने त्याला महाराजांचे नाव मिळाले. सुमारे २८ एकरांच्या या जागेत एकाच वेळी क्रिकेटची जाळी, फेरी मारणारे ज्येष्ठ, नाना-नानी पार्कातल्या गप्पा आणि शाळेचा कवायतीचा तास हे सगळे चाललेले असते आणि कोणीही कोणाला तिकीट विचारत नाही. पण इतक्या पावलांखाली गवत तग धरत नाही. मैदानात टाकलेल्या लाल मातीची धूळ भोवतालच्या घरांत जाते, ही तेथील रहिवाशांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. मैदान राखणे म्हणजे फुले लावणे नव्हे. रोज पाणी मारणे, माती दाबणे आणि पुन्हा पाणी मारणे हेच ते काम आहे आणि ते कधीही ‘पूर्ण’ होत नसल्यामुळे त्याची फीत कापता येत नाही.

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्यातील सुमारे ५८ टक्के रक्कम भांडवली कामांसाठी होती. देशातील दुसऱ्या कोणत्याही महापालिकेकडे इतका पैसा नाही. तरीही केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनी माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटलेले असताना मुंबईकराच्या वाट्याला दोन चौरस मीटरही येत नाहीत. या शहरात उद्यानाचा सर्वांत मोठा खर्च कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो. दादरसारख्या ठिकाणी २८ एकर जमीन मोकळी ठेवणे, तिच्यावर काहीही न बांधणे, हाच तो खर्च होय. शंभर वर्षे तो सोसला गेला, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटली.

दुपारी भायखळ्याला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत गेलो. १८६२ साली सुरू झालेली ही बाग मुंबई शहरातील सर्वांत जुनी वनस्पतीबाग आहे. गोरखचिंचेचे अजस्र खोड, कैलासपती आणि उर्वशी ही झाडे पाहताना ह्यांचे पाय निघेनात. मी मात्र तिकीटखिडकीपाशी रेंगाळले. २०१७ साली प्रौढांचे प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले. आईवडील आणि दोन मुले यांना मिळून शंभर रुपये असा कौटुंबिक दर ठेवण्यात आला. आमच्या पुढे सहा जणांचे एक कुटुंब होते. त्यातल्या आजीने ‘‘तुम्ही जाऊन या, मी इथंच बसते’’ असे म्हणून दाराशेजारची सावली धरली. प्राण्यांच्या पिंजऱ्यांचा आणि पेंग्विनच्या थंड दालनाचा खर्च मोठा असतो, हे मला कळते. पण बाग आणि प्राणिसंग्रहालय यांचे दार एकच असले, की झाडाखाली बसायला आलेल्या माणसालाही पेंग्विनचे शुल्क भरावे लागते. ही दोन दारे वेगळी असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच आवारातील भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा कायापालट महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून केला आणि २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार त्याला मिळाला. बाहेरचा पैसा आणि तज्ज्ञता आली तरी मालकी लोकांचीच राहू शकते, याचा हा पुरावा आहे. उलट मैदाने आणि उद्याने खाजगी संस्थांना दत्तक देण्याचे महापालिकेचे धोरण २०१६ साली राज्य सरकारने स्थगित केले, कारण दत्तक दिलेल्या काही जागांवर क्लब उभे राहून सामान्यांना दार बंद झाले होते. म्हणजे बाहेरून पैसा येतो की नाही, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. करारात दाराची किल्ली कोणाकडे ठेवली आहे, तेही पाहावे लागते.

संध्याकाळी डेक्कन क्वीनने पुण्याला निघालो.

दुसरा आणि तिसरा दिवस : पुणे

सदाशिव पेठेत नणंदेकडे मुक्काम होता. सकाळी वन्संबरोबर सारसबागेत गेलो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात खोदलेल्या तळ्यातल्या बेटावरचा हा ‘तळ्यातला गणपती’. तळे आटले, बाग झाली आणि आता दिवाळीत पाडव्याच्या पहाटे येथे पाय ठेवायला जागा उरत नाही. पुणे महापालिकेची दोनशेहून अधिक उद्याने आहेत आणि ती बहुतांशी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, याचा पुणेकरांना अभिमान असतो आणि तो रास्त आहे.

वन्संनी घरी आल्यावर मालमत्ता कराचे बिल पुढे ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘वहिनी, तुम्ही हिशोबनीस ना? मग हे वाचा.’’ बिलात वृक्षकराची वेगळी ओळ होती. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण कायद्याने झाडांसाठी असा उपकर घेण्याची सोय केली आहे. माझ्याही बिलात ती ओळ आहे आणि इतकी वर्षे मी ती वाचलेली नव्हती, याची मला खंत वाटली. झाडांसाठी वेगळा पैसा गोळा होतो. उद्यानाच्या देखभालीसाठी मात्र वेगळी ओळ नाही. तो पैसा सर्वसाधारण तिजोरीतून, रस्ते-गटारे-पगार यांच्या रांगेत उभा राहून येतो आणि ओढाताण झाली की रांगेतल्या शेवटच्याला कात्री लागते.

बुधवारी एम्प्रेस गार्डनला गेलो. या प्रवासात मी सर्वाधिक शिकले ते येथे. रेसकोर्सजवळची ही ३९ एकरांची बाग महापालिका चालवत नाही. १८३० साली स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ती सांभाळते. प्रवेशाचे तिकीट, रोपवाटिकेतील विक्री, जानेवारीतले पुष्पप्रदर्शन असे उत्पन्न येते ते याच बागेत फिरते. कमाई करणारी जागा आणि खर्च होणारी जागा एकच असल्यामुळे निर्णयही लहान आणि जवळचे होतात. उंच झाडांवर चढलेल्या, मांडीएवढ्या जाड वेलींच्या सावलीत एक वयस्क माळी पाचोळा ओढत होते. मी विचारले, ‘‘काका, हा पाचोळा कुठं नेता?’’

‘‘कुठं नेणार, बाई? हितंच खड्ड्यात. पावसाळ्यानंतर खत हुतं. हेच खत नर्सरीत, तीच रोपं लोक नेत्यात.’’

त्यांनी जे चार शब्दांत सांगितले ते मी मनातल्या मनात ताळेबंदात मांडले : पाचोळा हा आमच्या वसाहतीत खर्च आहे, कारण तो उचलण्याचे पैसे द्यावे लागतात, येथे तो माल आहे. मात्र या व्यवस्थेलाही मर्यादा आहे. ही बाग मोठी, जुनी आणि प्रसिद्ध आहे, म्हणून तिकीट खपते. दहा गुंठ्यांच्या गल्लीतल्या उद्यानाला कोण तिकीट काढील आणि का काढावे?

आम्ही गेलो तेव्हा मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांमध्ये मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते, प्रशासक होते, याचा उल्लेख येथेच करते. नगरसेवक निधीतून बसवलेल्या नको तितक्या प्रवेशद्वारांबद्दल आणि शिल्पांबद्दल मीही अनेकदा बोलले आहे. पण झोपाळ्याची साखळी तुटली तर सकाळी ज्याच्या दारात जाता येते असे माणूस नसणे किती अडचणीचे असते, हे आता सगळ्यांनाच कळले आहे.

चौथा दिवस, गुरुवार

पुण्याहून दुपारी उद्यान एक्सप्रेस धरली. बंगळूरु हे उद्याननगर, म्हणून गाडीचे नाव उद्यान. तिकीट काढतानाच मला ते आवडले होते. सोलापूर, वाडी, मग रात्र. सोलापूरला शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतली.

पाचवा दिवस, शुक्रवार : बंगळूरु

लालबाग २४० एकरांची आहे. १७६० च्या सुमारास हैदरअलीने तिची सुरुवात केली, टिपूने ती वाढवली, १८५६ साली ती सरकारी वनस्पतीबाग झाली आणि १८८९ साली काचघराची पायाभरणी झाली. केम्पेगौडा बुरूज ज्या खडकावर उभा आहे तो सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. त्यावर बसून डबा खाताना आपल्या सहा वर्षांच्या कारंज्याची आठवण यावी, हे मला जरा अपुरेपणाचे वाटले, पण आली खरी.

लालबाग कर्नाटक सरकारचे उद्यान खाते चालवते. महापालिकेच्या मोठ्या संसारातला एक कोपरा आणि ज्याचे कामच बागा आहे असे स्वतंत्र खाते, यांतला फरक डोळ्यांना दिसतो. झाडांना शास्त्रीय नावांच्या पाट्या आहेत, कुंड्यांची रोपे येथेच तयार होतात, उद्यानविद्येचे प्रशिक्षण दिले जाते. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन या दोन वेळच्या पुष्पप्रदर्शनांना लाखो लोक तिकीट काढून येतात, तर सकाळी फिरायला येणाऱ्यांना प्रवेश विनामूल्य असतो. राणीच्या बागेच्या दाराशी बसलेल्या आजी मला आठवल्या. शुल्क घ्यायचेच असेल तर ते कोणाकडून आणि कोणत्या वेळी, हा विचार लालबागेने केला आहे.

येथे एक धागा आपल्याकडे येतो. लालबागेला आणि एकूणच बंगळूरुच्या रस्त्यांवरील झाडांना आजचे रूप देणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव हेर्मान क्रुम्बीगेल हे लंडनमधील क्यूच्या वनस्पतीबागेतून भारतात आले ते प्रथम बडोद्याला, सयाजीराव गायकवाड महाराजांच्या नोकरीत, १८९३ साली. नंतर ते म्हैसूर संस्थानात गेले. एका माणसाला वर्षानुवर्षे त्याच कामावर ठेवून त्याचा पगार देत राहणे, ही त्या दोन्ही संस्थानिकांनी केलेली खरी गुंतवणूक होती असे मला वाटते. माळी आणि उद्यान अधीक्षक यांना झाड ओळखीचे व्हायला काळ लागतो. दरवर्षी बदलणाऱ्या ठेक्यात ती ओळख होत नाही.

सहावा दिवस, शनिवार

कब्बन पार्क १८७० साली रिचर्ड सँकी या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली आखले गेले. त्याला कुंपणाचा जाच नाही, तिकीट नाही. बांबूच्या बेटांजवळ शंभरावर माणसे सतरंज्या घालून, एकही शब्द न बोलता आपापले पुस्तक वाचत बसली होती. २०२३ च्या जानेवारीपासून दर शनिवारी येथे असे मूक वाचन चालते. आम्हीही तासभर बसलो. या उपक्रमाला भांडवल काहीही लागलेले नाही. कोरडी, स्वच्छ जमीन आणि सावली एवढीच त्याची गरज आहे आणि ती दोन्ही रोजच्या झाडलोटीतून येतात.

या बागेमागे पैशाइतकाच एक कायदा उभा आहे. १९७५ च्या कर्नाटक शासकीय उद्याने (जतन) अधिनियमाने लालबाग व कब्बन पार्क यांची जमीन विकणे, पट्ट्याने देणे, दान करणे, गहाण ठेवणे यांवर बंदी घातली. त्याच वर्षी महाराष्ट्राने झाडांना संरक्षण दिले, कर्नाटकाने बागेच्या जमिनीला. आपल्याकडे विकास आराखड्यात ‘उद्यान’ असा शिक्का पडलेली जमीन नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यानंतरच्या मुदतीतही पावले उचलली नाहीत, तर आरक्षणच संपते. भूसंपादनाला पैसा नाही म्हणून न झालेली उद्याने कोणत्याच पाहणीत मोजली जात नाहीत, कारण ती नसतातच. चार शहरांची तुलना करताना मला सर्वांत अस्वस्थ केले ते या न झालेल्या उद्यानांनी.

दुपारी एका वसाहतीतले पालिकेचे लहान उद्यान पाहिले. आम्ही गेलो तेव्हा या शहरात सप्टेंबर २०२० पासून नगरसेवक नव्हते आणि सप्टेंबर २०२५ पासून एका पालिकेच्या पाच झाल्या होत्या. पूर्वी अशी उद्याने भर दुपारी बंद असत. २०२४ पासून ती पहाटे पाच ते रात्री दहा उघडी ठेवण्याचा निर्णय झाला. आम्ही गेलो तेव्हा दोन वाजले होते आणि बाकावर तीन डिलिव्हरी करणारी मुले हेल्मेट उशाशी घेऊन झोपली होती. उद्यान दुपारी उघडे ठेवायला एक रखवालदार जास्त लागतो. तो खर्च मी बिनतक्रार मंजूर करीन.

सातवा दिवस, रविवार

विमानाने दिल्लीला पोहोचलो. हवा करड्या रंगाची होती. ह्यांना खोकला सुरू झाला, म्हणून खोलीतच थांबलो.

आठवा दिवस, सोमवार : दिल्ली

लोधी गार्डन ९० एकरांचे आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. खैरपूर गावातली वस्ती हलवून १९३६ साली ते लेडी विलिंग्डन पार्क म्हणून उघडले गेले, स्वातंत्र्यानंतर नाव बदलले, १९६८ साली वास्तुविशारद जोसेफ ॲलन स्टाइन आणि गॅरेट एक्बो यांनी त्याची नवी मांडणी केली. सिकंदर लोदीच्या मकबऱ्याभोवतीची हिरवळ इतकी एकसारखी होती, की ह्यांनी वाकून हात फिरवून पाहिला. मास्क लावून फिरणारी माणसे पाहून मात्र मन खट्टू झाले; हवा खराब असेल तर उत्तमातल्या उत्तम बागेलाही तिचे मूळ काम करता येत नाही.

ही बाग नवी दिल्ली नगरपरिषदेची आहे. या परिषदेच्या ताब्यात ४२.७ चौरस किलोमीटर, म्हणजे दिल्लीचा जेमतेम तीन टक्के भाग आहे आणि २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे अडीच लाख होती. वीजवितरण तिचे स्वतःचे आहे, हॉटेले आणि व्यापारी इमारतींच्या जागांचे परवानाशुल्क येते, मालमत्ता कर येतो. उलट दिल्ली महापालिकेकडे सुमारे १५,००० उद्याने आहेत आणि शहराची जवळजवळ सगळी लोकसंख्या आहे. एकाच शहरात, एकाच हवेत, रस्ता ओलांडला की गवताचा रंग बदलतो, तो माळ्यांच्या कष्टात फरक आहे म्हणून नव्हे. उद्यानाचा दर्जा त्या हद्दीत कोणाची मालमत्ता आहे यावर ठरावा, हे मला अन्यायाचे वाटते आणि हा अन्याय फक्त दिल्लीतच आहे असे मी म्हणणार नाही.

नववा दिवस, मंगळवार

सकाळी हुमायूनच्या मकबऱ्याशेजारची सुंदर नर्सरी पाहिली. सरकारी रोपवाटिकेची ही ९० एकर जमीन २००७ च्या करारानुसार आगा खान सांस्कृतिक न्यासाने केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते, पुरातत्त्व सर्वेक्षण आणि महापालिका यांच्याबरोबर काम करून २०१८ च्या फेब्रुवारीत लोकांसाठी खुली केली. तीनशेहून अधिक जातींची झाडे, संगमरवरी पाटांतून वाहणारे पाणी, एकही कारंजे बंद नाही. मी प्रत्येक कारंज्यापाशी थांबून पाहिले. येथे तिकीट आहे, उपाहारगृह आहे, कार्यक्रमांसाठी जागा भाड्याने मिळते. म्हणजे उभारणी करतानाच देखभाल कशातून चालेल याचा विचार झालेला आहे. अकरा वर्षे लागली, पण त्या अकरा वर्षांत दुसऱ्या दिवसाचा हिशोब आधी मांडला गेला.

दुपारी ह्यांचे जुने सहकारी राहतात त्या वसाहतीत गेलो. तेथील महापालिकेचे लहान उद्यान रहिवासी संघटना सांभाळते. दिल्ली सरकारची पार्क्स अँड गार्डन्स सोसायटी अशा संघटनांना एकराच्या हिशोबाने वार्षिक अर्थसाहाय्य देते आणि उरलेला भार घरटी वर्गणीतून उचलला जातो. संघटनेच्या कोषाध्यक्ष बाईंनी मला त्यांची वही दाखवली. रबरी नळी, दोन खुरपी, शेणखताची एक ट्रॉली, माळ्याचा दिवाळीचा बोनस, पंपाचे ग्रीसिंग. पंपाचे ग्रीसिंग दर तीन महिन्यांनी लिहिलेले होते. मी त्या ओळीवर बोट ठेवले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘ये नहीं करेंगे तो मोटर जल जाएगी, दीदी.’’

संध्याकाळच्या राजधानी एक्सप्रेसमध्ये मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. आमच्या उद्यानावर गेल्या सहा वर्षांत भांडवली खर्च किती आणि देखभालीवरचा खर्च किती, हा पहिला प्रश्न. देखभालीच्या ठेक्याची प्रत आणि त्यात पंपाची निगा कोणाकडे आहे, हा दुसरा. माळ्याच्या कामाचे तास किती ठरले आहेत, हा तिसरा. वसाहतीतून आमच्या करातून किती वृक्षकर जमा झाला, हा चौथा. मथुरा मागे पडल्यावर ह्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाले, ‘‘अगं, एक राहिलं. मोटर किती अश्वशक्तीची बसवली होती तेही विचार, म्हणजे दुरुस्तीचा भाव आपण बाजारात आधीच काढून ठेवू.’’ तो पाचवा प्रश्न मी खाली लिहिला आणि दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायची जागा मोकळी सोडली.